न्या. रानडे : दारिद्र्याची कारणे शोधणारा न्यायाधीश

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी मोठ्या संख्येने जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांची पहिली मागणी होती कर्जरोख्यांची आणि खतावण्यांची. हाती लागले ते कागद त्यांनी रस्त्यावर आणून जाळले. काही ठिकाणी धान्याची दुकाने लुटली गेली, घरांनाही आगी लागल्या. पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ही घटना दख्खनचे दंगे या नावाने नोंदली गेली आहे.

अशा रोख्यांवरचे दावे ज्या न्यायालयांत रोज चालत, त्यांपैकी पुण्याच्या एका न्यायालयात माधव गोविंद रानडे हे तेहेतीस वर्षांचे दुय्यम न्यायाधीश काम पाहत होते. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यासमोरचा प्रश्न सोपा असे. रोख्यावर कुळाची निशाणी आहे, रक्कम लिहिलेली आहे, मुदत उलटली आहे. तेव्हा निकाल सावकाराच्या बाजूने. परंतु असे हजारो निकाल कायदेशीर असूनही एक अख्खा प्रदेश दिवसेंदिवस कंगाल होत असेल, तर दोष नेमका कोठे आहे? रानड्यांच्या पुढील पंचवीस वर्षांच्या अर्थचिंतनाच्या मुळाशी हा प्रश्न होता.

समाजसुधारक, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचे इतिहासकार आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांचे गुरू म्हणून न्यायमूर्ती रानडे महाराष्ट्राला परिचित आहेत. अर्थशास्त्रज्ञ रानडे मात्र त्या मानाने मागे पडले. गरीब देशांची आर्थिक वाढ कशाने होते आणि कशाने टिकते, हा प्रश्न जगाच्या विद्यापीठांतून स्वतंत्र शास्त्र म्हणून अभ्यासला जाऊ लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. रानड्यांनी तो त्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी विचारला होता. त्यांचे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर असे, की वाढ आपोआप होत नाही, ती उभारावी लागते. आणि ती उभारायची तर पतपुरवठा, उद्योग, शासनाचा आधार व समाजाची घडी या सर्वांना एकाच वेळी हात घालावा लागतो. या उत्तरापर्यंत ते पुस्तकांतून जेवढे पोहोचले, त्याहून अधिक आपल्या आयुष्यातून पोहोचले.

१८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे त्यांचा जन्म झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या सेवेत असल्यामुळे बालपण तेथे गेले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत आले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये कायद्याची पदवी, असा त्यांचा प्रवास झाला. अखंड वाचनाने त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. विद्यार्थिदशेतच एका निबंधात त्यांनी इंग्रजी राज्याची मराठी राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला उणे ठरविले, तेव्हा प्राचार्यांच्या रोषाने त्यांची शिष्यवृत्ती काही काळ थांबविण्यात आली. बोलावे ते मोजून आणि पुराव्यानिशी, ही त्यांची पुढील आयुष्यातील सवय या अनुभवाने पक्की झाली असावी.

इंदुप्रकाशच्या इंग्रजी विभागाचे संपादन, अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानांतील नोकरी, एल्फिन्स्टन महाविद्यालयातील अध्यापन असे टप्पे ओलांडून १८७१ साली ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका यांनी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन केली होती. काकांचा उत्साह आणि रानड्यांचा अभ्यास यांची जोडी जमली. १८७२-७३ च्या सुमारास रानड्यांनी पुण्यात व्यापार या विषयावर मराठीतून व्याख्याने दिली. देशातला कच्चा माल बाहेर जातो, त्याचाच पक्का माल होऊन परत येतो आणि मधल्या मजुरीवर, नफ्यावर व कौशल्यावर आपण पाणी सोडतो, हा हिशेब त्यांनी सामान्य पुणेकरांपुढे मांडला. काकांनी खादीचे व्रत घेतले आणि पुढे १८७७ च्या दिल्ली दरबारालाही ते खादीच्याच वेषात गेले. १८७८ मध्ये सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यातले बरेचसे लेख रानड्यांच्या लेखणीतून उतरत, परंतु सरकारी नोकर असल्यामुळे त्यावर त्यांचे नाव नसे.

सभेची काम करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गावोगावची माहिती मागवायची, पिके, सारा, कर्ज आणि बाजारभाव यांचे आकडे जमवायचे आणि मगच सरकारकडे अर्ज करायचा. या रीतीने पाहिल्यावर दख्खनच्या शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे चित्र स्पष्ट होत गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव कडाडले. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली, शेतकऱ्यांनी ती घेतली. युद्ध संपले, भाव कोसळले. नेमक्या याच सुमारास जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी झाली आणि काही तालुक्यांत सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढला. पीक असो वा नसो, सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरायचा असे. त्यासाठी पुन्हा सावकाराचेच दार.

त्यात कायद्याने भर घातली. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविणारा कायदा १८५९ साली झाला. व्याजाचा डोंगर अनेक वर्षे साचू नये, हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल होऊन बसू लागले. निरक्षर कुळाला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नसे, न्यायालयाला मात्र कागदापलीकडे काही दिसत नसे. चांगल्या हेतूने केलेला कायदा वेगळ्या समाजात रुजवला की तो उलटे फळ देऊ शकतो, हा धडा रानड्यांना न्यायासनावर बसून मिळाला.

दंग्यांपाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. सार्वजनिक सभेने दुष्काळी भागांतील बातमीपत्रे गोळा करून सरकारपुढे ठेवली. त्यानंतर वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. फडक्यांनी रानड्यांची व्याख्याने ऐकली होती. मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या, तेव्हा सरकारच्या मनात सर्वच सुशिक्षित पुणेकरांविषयी संशय दाटला. वर्षभर आधीच नाशिकला बदललेल्या रानड्यांना आता तातडीने धुळ्याला पाठविण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावर पाळत होती. त्यांनी तक्रार केली नाही आणि आपले कामही थांबविले नाही. कालांतराने सरकारचा संशय फिटला.

त्याच १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी विशेष कायदा झाला. न्यायालयाने रोख्यावर विसंबून न राहता मूळ देण्याघेण्याच्या इतिहासात शिरावे, वाजवी व्याज ठरवावे, हप्ते बांधून द्यावेत आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. या कायद्याखालील न्यायालयांवर देखरेख करण्यासाठी १८८१ पासून रानड्यांची नेमणूक झाली आणि पुढे ते विशेष न्यायाधीश झाले. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांत त्यांची सतत फिरती असे. मुक्कामामागून मुक्काम, गावचे दप्तर तपासणे, लोकांशी बोलणे असा हा दिनक्रम. पत्नी रमाबाई पुष्कळदा बरोबर असत. त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकात या फिरतीच्या दिवसांचे वर्णन आले आहे.

या फिरतीत रानड्यांना कायद्याची ताकद दिसली, तशीच त्याची मर्यादाही. कायदा सावकाराचा हात धरू शकतो, परंतु पेरणीच्या वेळी शेतकऱ्याच्या हातात बियाण्याचे पैसे ठेवू शकत नाही. उलट, वसुलीची खात्री उरली नाही की सावकार आखडता हात घेतो आणि प्रामाणिक कुळालाही कर्ज मिळेनासे होते. जुनी व्यवस्था मोडणे हे निम्मे काम झाले. तिच्या जागी नवी उभी करणे हे उरलेले निम्मे.

ती नवी व्यवस्था काय असावी, याचा आराखडाही तयार होता. पुण्यात न्यायाधीश असलेले विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी १८८२ मध्ये शेतकऱ्यांसाठी बँक काढण्याची योजना पुढे आणली. प्रयोग म्हणून एक तालुका निवडायचा, पुरंदर. तेथील शेतकऱ्यांची जुनी कर्जे तडजोडीने ठरवून एकदाची फेडून टाकायची आणि पुढे पुण्यातील भांडवलदारांनी उभारलेल्या बँकेने माफक व्याजाने कर्ज द्यायचे. बँकेचा खर्च आणि जोखीम कमी राहावी म्हणून सरकारने वसुलीत मदत करायची. सावकारांनाही शत्रू न मानता त्यांचाच पैसा शिस्तीच्या मार्गाने शेतीत आणायचा, हे या योजनेचे मर्म होते. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थान सरकारने योजना उचलून धरली आणि १८८४ मध्ये मंजुरीसाठी लंडनला पाठविली. तेथून नकार आला. एका तालुक्यातला प्रयोगसुद्धा होऊ शकला नाही.

हा नकार रानड्यांच्या विचाराला वळण देणारा ठरला असे म्हणता येईल. सरकारने अर्थव्यवहारात पडू नये, बाजाराला आपला मार्ग शोधू द्यावा, हे तत्त्व त्या काळी इंग्लंडच्या राज्यकर्त्यांना निसर्गनियमासारखे वाटे. तेव्हा नुसत्या योजना मांडून भागणार नव्हते. त्या तत्त्वाचीच तपासणी करायला हवी होती. ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यानात केली. हिंदुस्थानच्या आर्थिक विचाराच्या इतिहासात या व्याख्यानाचे स्थान पायाच्या दगडाचे आहे.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. इंग्रजी अर्थशास्त्र काही गृहीतांवर उभे आहे. माणूस स्वहित पाहून स्वतंत्रपणे निर्णय घेतो, भांडवल आणि श्रम जिकडे मोबदला अधिक तिकडे जातात, स्पर्धा किमती ठरविते, करार मोकळेपणाने होतात. ही गृहीते खुद्द इंग्लंडलाही पुरती लागू नाहीत. हिंदुस्थानात तर चित्र उलटे आहे. येथे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात बलवान, स्पर्धेपेक्षा रूढी बलवान, आणि मनुष्याचा जन्म कोठे झाला हे त्याने काय करार केला यापेक्षा अधिक निर्णायक. मजूर गाव सोडत नाही, भांडवल जमिनीत आणि दागिन्यांत अडकून पडते. अशा समाजाला इंग्लंडचे नियम तंतोतंत लावणे म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला देण्यासारखे होते. जर्मनीत फ्रीडरिश लिस्ट आणि ऐतिहासिक संप्रदायाचे अर्थशास्त्रज्ञ हेच म्हणत होते. अमेरिका आणि जर्मनी यांनी आपले उद्योग बाल्यावस्थेत असताना त्यांना संरक्षण दिले. इंग्लंडनेही आपल्या जहाजधंद्याला आणि कारखान्यांना एकेकाळी कायद्याचे कवच दिले होते, मुक्त व्यापाराचा उपदेश नंतरचा.

रानडे आणि दादाभाई नौरोजी यांच्यातील सूक्ष्म फरक येथे लक्षात घ्यायला हवा. हिंदुस्थानातून दरवर्षी इंग्लंडकडे वाहून जाणाऱ्या संपत्तीवर दादाभाईंनी बोट ठेवले आणि तो विषय आयुष्यभर लावून धरला. रानड्यांना ते वास्तव नाकारायचे नव्हते. परंतु बाहेर जाणाऱ्या पैशाचा काही भाग देशात गुंतविलेल्या भांडवलाचे व्याज आहे, आणि सगळी शक्ती त्या एकाच तक्रारीत खर्च झाली तर देशातले उत्पादन कसे वाढवायचे हा प्रश्न बाजूला पडेल, असे त्यांना वाटे. त्यांच्या मते खरा रोग होता तो देशाचे दिवसेंदिवस केवळ शेतीवर विसंबणे. विणकर, लोहार आणि रंगारी यांचे धंदे बसत होते, ती माणसे जमिनीकडे वळत होती, आणि जमीन तेवढीच होती. एकाच धंद्यावर, तोही पावसाच्या लहरीवर चालणारा, एवढ्या लोकसंख्येचा भार पडला की एका वर्षाच्या अवर्षणाचा दुष्काळ होतो. म्हणून उद्योगांची वाढ हा त्यांच्या लेखी दुष्काळावरचाही उपाय होता.

उद्योग कसे वाढवायचे, याचा ऊहापोह करण्यासाठी १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरविण्यात आली. तीत रानड्यांनी डच वसाहतीतील जावा बेटाचे उदाहरण घेतले. तेथील सरकार साखर कारखानदारांना आगाऊ रकमा देत असे आणि माल तयार झाल्यावर त्या मालातून फेड करून घेत असे. त्यामुळे ऊस पिकवूनच न थांबता साखर तयार करण्याचा धंदाही तेथे उभा राहिला. या पद्धतीत जावाच्या शेतकऱ्यांवर सक्ती आणि जुलूम झाला, खुद्द डचांनाही १८७० नंतर ती टप्प्याटप्प्याने मोडीत काढावी लागली. रानड्यांचे त्या व्यवस्थेविषयीचे मत काहीसे उदार होते, हे आज मान्य करावे लागते. पण त्यांना त्यातून घ्यायचा होता तो एकच मुद्दा. सुरुवातीची जोखीम उचलायला कोणी तरी लागते, आणि गरीब देशात ते बळ बहुधा शासनाकडेच असते.

हिंदुस्थान सरकारने हे कधी केले नव्हते असेही नाही. इंग्रज कंपन्यांनी येथे रेल्वे बांधाव्यात म्हणून सरकारने त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. चहा आणि सिंकोना यांच्या लागवडीचे आरंभीचे प्रयोगही सरकारी पैशाने झाले होते. मग हीच हमी लोखंडाच्या, साखरेच्या किंवा कापडाच्या कारखान्याला का नाही, असा रानड्यांचा रोकडा सवाल होता. टपाल खात्याच्या बचत बँकेत लोकांच्या ठेवी जमतात. त्या जिल्ह्याजिल्ह्यांतील स्थानिक मंडळांमार्फत उद्योगांना कर्जाऊ द्याव्यात, असा मार्गही त्यांनी सुचविला. लोखंडाच्या धंद्यावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. मद्रासकडील पोर्टो नोव्होपासून बंगालमधील बराकरपर्यंत लोखंड गाळण्याचे जे प्रयत्न झाले, ते का फसले याचा तपास त्यात आहे. जंगले तुटून कोळसा महाग होणे, जागेची चुकीची निवड, अपुरे भांडवल, सरकारचे धरसोडीचे धोरण, अशी एकेक कारणे त्यांनी नोंदविली. फसलेल्या प्रयोगाचा अभ्यास करून पुढच्याला वाट दाखविणे ही दृष्टी त्या काळात विरळाच होती.

रानडे केवळ निबंध लिहून थांबले नाहीत. पुण्यातील सूत आणि रेशीम विणण्याचा कारखाना, धातूच्या भांड्यांचा कारखाना, पुणे मर्कंटाईल बँक, रंगाईचा कारखाना आणि कागद गिरणी अशा अनेक उपक्रमांना त्यांचा हातभार लागला. यांपैकी एकाही उपक्रमाने देशाचे दारिद्र्य हटले नाही, आणि तशी त्यांची अपेक्षाही नव्हती. पैसा एकत्र करणे, भागीदारांनी एकमेकांवर विश्वास ठेवणे, हिशेब उघड ठेवणे, या सवयी लागल्याशिवाय भांडवल उभे राहत नाही, आणि त्या सवयी लहान संस्थांतूनच लागतात, हे ते जाणून होते. याच काळात ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते, सरकारी खर्चात काटकसर सुचविणाऱ्या १८८६ च्या वित्त समितीवर होते आणि १८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

अर्थकारण आणि समाजसुधारणा हे रानड्यांच्या आयुष्यातील दोन वेगळे कप्पे नव्हते. जात माणसाला धंदा बदलू देत नाही, रूढी त्याला परगावी जाऊ देत नाही, निम्मा समाज असलेल्या स्त्रियांना शिक्षण मिळत नाही, आणि वयात येण्याआधी संसाराचा भार पडतो, अशा समाजात कितीही भांडवल ओतले तरी ते मुरणार कसे? १८८४ मध्ये पुण्यात मुलींच्या शिक्षणासाठी हुजूरपागा शाळा सुरू झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १८८७ पासून सामाजिक परिषद भरू लागली, तिचे ते प्राण होते. राजकीय हक्क, आर्थिक उन्नती आणि सामाजिक सुधारणा एकमेकींवाचून टिकत नाहीत, हे सूत्र त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले.

परंतु या सूत्राच्या कसोटीला ते स्वत: प्रत्येक वेळी उतरले असे नाही. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी निवर्तली. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने विधवेशीच विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एकतीस वर्षांच्या माधवरावांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. टीका कठोर झाली आणि ती अनाठायी नव्हती. पुढे १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण गाजले, तेव्हाही अखेर त्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि मित्रांची निराशा केली. घराला आणि समाजाला तोडून न टाकता हळूहळू पुढे न्यावे, ही त्यांची वृत्ती होती. तिची किंमत त्यांनी मोजली. मात्र त्याच घरात त्यांनी रमाबाईंना शिकविले आणि घरातल्या विरोधाला तोंड देत त्या शिकल्या. पतीच्या निधनानंतर पुण्यातील सेवासदनाच्या कामातून शेकडो स्त्रियांना स्वत:च्या पायांवर उभे करणाऱ्या रमाबाई या घरात घडल्या.

त्यांच्या आर्थिक विचारांनाही मर्यादा होत्या. जमीन कर्तबगार आणि काटकसरी लोकांच्या हाती गेली तर शेती सुधारेल, असे त्यांना वाटे. जमीन गमावणाऱ्याचे काय, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या लेखनात सापडत नाही. इंग्रजी राज्य आपल्या युक्तिवादाला आज ना उद्या प्रतिसाद देईल, ही त्यांची श्रद्धा तर वस्तुस्थितीने वारंवार खोटी ठरविली. १८८२ पर्यंत हिंदुस्थानातील बहुतेक आयात जकाती उठविण्यात आल्या होत्या. १८९४ मध्ये महसुलासाठी त्या पुन्हा बसविण्यात आल्या, तेव्हा लँकेशायरचे समाधान व्हावे म्हणून देशी गिरण्यांच्या मालावरही कर लादला गेला, आणि १८९६ पासून देशी कापडावर साडेतीन टक्के कर बसला. तिकडे जपानमध्ये १८७२ सालीच सरकारने तोमिओका येथे रेशमाचा आदर्श कारखाना उभारला होता आणि पुढे असे कारखाने खासगी उद्योजकांच्या हाती सोपविले. रानडे जे मागत होते, ते जवळपास तेच होते. जपानच्या उद्योजकापाठीमागे स्वत:चे सरकार होते, पुण्याच्या उद्योजकापाठीमागे नव्हते. शासनाने वाढीला आधार द्यावा हे खरे. पण ते शासन कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न त्याहून आधीचा. रानड्यांच्या पुढच्या पिढीने तो ऐरणीवर आणला.

अखेरच्या वर्षांत त्यांची प्रकृती ढासळत गेली. सार्वजनिक सभा हातून गेली होती, १८९६ मध्ये डेक्कन सभा नव्याने काढावी लागली. १८९६ पासून पुण्या-मुंबईला प्लेगने आणि दख्खनला पुन्हा दुष्काळाने घेरले. या काळातही त्यांचे लेखन थांबले नाही. अर्थशास्त्रीय निबंधांचा संग्रह प्रसिद्ध झाला, १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ आला. त्याच वर्षअखेरीस लाहोरला भरलेल्या सामाजिक परिषदेस हृदयविकारामुळे त्यांना जाता आले नाही. त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखविले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

पुरंदर तालुक्यातील बँकेचे पुढे काय झाले? त्या रूपात ती कधीच निघाली नाही. मात्र रानड्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९०४ मध्ये, सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि शेतकऱ्याला संघटित पतपुरवठा हवा ही गोष्ट सरकारने तत्त्वत: मान्य केली. दोन दशके आधी जे नाकारले होते, त्याच्याच दिशेने हे पाऊल होते. लोखंडाच्या बाबतीत १९०७ मध्ये टाटांच्या कंपनीने मुख्यत्वे देशी भांडवल उभे केले आणि १९१२ मध्ये जमशेदपूरला पोलाद तयार होऊ लागले. गोखल्यांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात रानडे औद्योगिक व आर्थिक संस्था उभी केली. गोखल्यांच्या नावाने १९३० मध्ये सुरू झालेल्या अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या साथीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याला आकार दिला आणि १९५० च्या सुमारास तो उभा राहिला. शेतकऱ्यांचे भाग भांडवल, सहकारी बँकेचे कर्ज, शासनाचा आधार आणि कच्च्या मालावर जागच्या जागी प्रक्रिया, हे या कारखान्याचे चारही खांब रानड्यांच्या निबंधांत सुट्या सुट्या रूपात सापडतात. जेथे हा कारखाना उभा राहिला तो नगर जिल्हा, १८७५ मध्ये जेथे रोखे जळले त्या दोन जिल्ह्यांपैकी एक.

१९४३ साली रानड्यांच्या जन्मदिनी पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्यावर व्याख्यान दिले. स्वत: अर्थशास्त्राचे पंडित असलेल्या आणि कोणाचीही भाबडी पूजा न करणाऱ्या बाबासाहेबांनी रानड्यांना थोर मानले ते त्यांच्या सामाजिक सचोटीसाठी. सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय सत्ता टिकणार नाही, हा धागा दोघांना जोडणारा होता.

महाराष्ट्रातील सहकाराने नंतर अनेक वळणे घेतली आणि त्यातील काही शोचनीय आहेत. अनेक कारखाने आणि बँका गैरव्यवहारांत बुडाल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचताना कर्ज, पाऊस, बाजारभाव आणि सावकार हे जुनेच शब्द पुन्हा भेटतात. कर्जमाफीच्या घोषणा होतात तेव्हा रोखे जाळण्याचेच काम अधिक सभ्यपणे केले जाते. ते कधी कधी आवश्यकही असते. पण पुढच्या हंगामाला बियाण्याचे पैसे कोण देणार, पीक घरात आल्यावर त्यावर प्रक्रिया करून चार पैसे अधिक कोठे मिळणार आणि शेतावर न मावणारा मुलगा कोणत्या धंद्यात जाणार, हे तीन प्रश्न त्यानंतरही शिल्लक उरतात. पुण्याच्या त्या न्यायाधीशाने निकाल लिहून झाल्यावर आयुष्यभर या तीन प्रश्नांचा पाठपुरावा केला.